पाच लिटरचा कॅन

आमच्या घरी प्रवासाची तयारी बॅगेपासून सुरू होत नाही, कॅनपासून होते. पाच लिटरचा, निळ्या झाकणाचा, मूळचा गोडेतेलाचा. आदल्या रात्री आई तो राख-लिंबाने घासते, पहाटे नळ आला की पाणी गाळून-उकळून भरते, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून करकचून पिरगाळते आणि गाडीत स्वतःच्या पायाशी ठेवते. "बाहेरचं पाणी बाधतं." पुण्याला भाच्याच्या मुंजीला गेलो तेव्हाही तो कॅन बरोबर होता. पुण्याची मावशी ते अजून विसरलेली नाही.

मागच्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मुलुंडहून भंडारदऱ्याला निघालो तेव्हाही कॅन होताच. गाडीत मी, नवरा, नववीतली लेक, आई आणि बाबा. स्टिअरिंगवर मी. गाडी शिकले ती एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यामुळे शेजारच्या सीटवरून बाबा अजूनही "आता सेकंड टाक" सांगतात. त्यांना स्वतःला गाडी येत नाही.

भंडारदरा हे बाकीच्यांसाठी. बाबांना जायचं होतं तानशाला.

बाबा पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. चाळीत वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास येत नाही, ते सोडावं लागतं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, आत जवळजवळ माणसाच्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली चावी घालायची आणि वॉल ठरलेले आटे फिरवायचा. (व्हॉल्व्ह कागदावर. तोंडात कायम वॉलच.) बाबांना त्यांच्या बीटमधल्या प्रत्येक वॉलचे आटे पाठ होते. शाळेसमोरचा बावीस. पिठाच्या गिरणीजवळचा अठरा, त्यातले शेवटचे दोन जड. नाक्यावरचा उलटा, म्हणजे कोणा जुन्या फिटरने बसवतानाच उलटा बसवलेला. नवीन माणसाला हे कोणी सांगितलं नाही, तर तो उघडायला जाऊन बंद करून ठेवायचा. तीस वर्षं हे काम केल्यावर बाबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आला आहे. शर्ट शिवताना शिंपी अजून विचारतो.

त्यांच्या बीटच्या शेपटाला टेकडीवरची वस्ती होती. खालच्या चाळींनी मोटारी लावल्या की वर थेंब चढत नसे. त्या वस्तीतल्या अगदी शेवटच्या घरातली बाई नळाला धार लागली की दारात येऊन हात वर करायची. तिचा हात दिसला की बाबा तिथून पुढे पाच मिनिटं धरायचे आणि मगच वॉल बंद करायला वळायचे. ही पाच मिनिटं कुठल्या नियमात होती असं मला वाटत नाही. खिशातल्या छोट्या डायरीत रोजची नोंद असे: "५.१० उघडला. ७.४० बंद. शेवटचा नळ – आला." एखाद्या दिवशी "शेवटचा नळ" याच्यापुढे नुसती रेघ. ती रेघ असली की त्या दिवशी घरात जेवताना कोणी फार बोलत नसू.

पण ज्या पाण्याची त्यांनी तीस वर्षं वाटणी केली, ते येतं कुठून हे त्यांनी पाहिलं नव्हतं. विहार तलाव तेवढा पाहिला होता. तानशाला खात्यातल्या लोकांची सहल एकदा ठरली होती, पण आदल्याच रात्री मोठी लाइन फुटली आणि बाबा दोन दिवस चिखलात उभे राहिले. सहल बाकीच्यांची झाली. त्यांनी आणलेला फोटो आमच्या कपाटात आहे. त्यात नऊ माणसं आहेत, मागे धुकं आहे आणि तलाव दिसत नाही.

त्याऐवजी बाबांनी तलाव वाचले. पावसाळ्यात पेपरात सात तलावांची पातळी रोज छापून येते. शेअर बाजाराच्या आधी आमच्याकडे ते पान उघडतं. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. तानसा १२८.६३ मीटरला भरतो, मोडकसागर १६३.१५ला, अप्पर वैतरणा ६०३.५१ला. हे आकडे मला पाढ्यांबरोबर पाठ झाले. हे मीटर समुद्रसपाटीपासून धरलेले नाहीत, हे मात्र मला फार उशिरा कळलं. फोर्टातल्या टाउन हॉलशी, म्हणजे आताच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीशी बांधलेली एक जुनी पातळी आहे, टाउन हॉल डेटम, तिच्यापासून ते मोजतात. म्हणजे शंभर किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी किती चढलं, हे अजून एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांच्या हिशेबाने ठरतं. इंग्रज गेले, त्यांची फूटपट्टी राहिली. सातही तलाव काठोकाठ भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होतं, आणि १ ऑक्टोबरला तेवढं असलं की पुढच्या पावसापर्यंत शहराला चिंता नाही. बाबांची दिवाळी त्या दिवसापासून सुरू होते. त्या आठवड्यात आम्ही निघालो ते त्यामुळेच. पेपरात जवळपास सगळे रकाने भरले होते.

माजिवडा सोडलं, भिवंडीचा बायपास ट्रकांच्या मागे रांगत पार केला. नवऱ्याच्या फोनमधली बाई आम्हाला आमण्याहून समृद्धीवर घालायला बघत होती. तिथून इगतपुरी खरंच पटकन येते, कसारा घाट चढावाच लागत नाही, आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटातूनच पलीकडे. मला त्या बोगद्याबद्दल आदर आहे. पण डोंगर बघायला निघालेल्या माणसाने डोंगराच्या आतून जाणं म्हणजे लग्नाला जाऊन भटारखान्यात जेवून परत येणं. शिवाय तानसा त्या वाटेवर नाही. आम्ही जुन्या रस्त्याने शहापूर गाठलं आणि पुढे आटगावला डावीकडे वळलो.

तिथून रस्ता बदलतो. दोन्ही बाजूंना साग, त्याची पानं पावसाने भोकं पडलेली, मधल्या खाचरांत निसवायला आलेलं भात, बांधांवर तेरड्याचा गुलाबी कल्लोळ. हायवेवर आवाज करणारी गाडी इथे आपोआप दबकून चालायला लागली. बाबांनी काच खाली केली. लेकीने पहिल्यांदा फोनमधून मान वर केली आणि म्हणाली, "आजी, आपण कॅनमधलं पाणी परत माहेरी घेऊन चाललोय."

आई म्हणाली, "असू दे. उकळलेलं आहे."

धरणाच्या फाटकाशी अर्थातच अडवलं. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत आणि सोडू नयेच, साऱ्या शहराच्या पिण्याचं पाणी आहे ते. बाबांनी ओळख सांगितली नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा दंड धरला. पहारेकऱ्यानेच मग जरा मागच्या वळणावरची एक जागा दाखवली, "तिथनं दिसतो."

दिसला. १८९२ मध्ये बांधून झालेलं काळ्या दगडाचं धरण, लांबीला पावणेतीन किलोमीटरच्या घरात, त्यामुळे डोळ्यांत एकदम मावत नाही; झाडांच्या मधून तुकड्या-तुकड्यांत दिसतं. मागे पाणी. मी काहीतरी निळंशार कल्पून आले होते. पाणी होतं शिळ्या चहाच्या रंगाचं, वर ढगांचा पांढरा तवंग आणि पलीकडच्या काठाला जंगल थेट पाण्यात उतरलेलं. आवाज नाही. बाबांनी चष्मा पुसला, परत लावला. माझी अपेक्षा होती की ते काहीतरी बोलतील. भावनाविवश होतील, असं म्हणायलाही हरकत नाही. मी फोनचा कॅमेरा तयारच ठेवला होता. ते म्हणाले, "काठाला वीतभर कमी आहे. पेपरवाले भरला म्हणून मोकळे."

परत येताना फाट्यापासून थोडं अलीकडे एक झोपडीवजा टपरी लागली. वर ताडपत्री, पुढे फळीवर काकड्या, मक्याची कणसं आणि चहाची किटली. चाळिशीची एक बाई, गुडघ्यापर्यंत नऊवारी, एका हाताने पंख्याने कोळसे फुलवत कणसं परतत होती. आम्ही पाच चहा सांगितले. तिने झोपडीमागच्या कळशीतून पातेल्यात पाणी ओतलं. पाणी गढूळ होतं. पावसाळ्यात विहिरीला गढूळच येतं, ती म्हणाली, उकळलं की बसतं खाली.

आईचा चेहरा मला आरशाशिवाय दिसला. तिने पायाशी ठेवलेला कॅन उचलला आणि फळीवर ठेवला. "अगं, आमच्या पाण्याचा कर. चांगलं गाळून-उकळून आणलेलं आहे."

मला जमिनीने गिळावं असं झालं. पण बाईला राग आला नाही. तिने कॅनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"कुठून आणलंत?"

"मुंबईहून."

"मंग आमचंच हाय की ते," ती म्हणाली, आणि त्याच पाण्याचा चहा टाकला.

नवरा मोठ्याने हसला. ती हसली नाही, कारण तिने विनोद केला नव्हता. चहा उकळेपर्यंत तिने सांगितलं ते सगळं साध्या आवाजात. फेब्रुवारी संपला की पाड्यावरची विहीर तळ दाखवते. मार्च अर्धा झाला की टँकर. टँकर विहिरीत ओततात आणि मग सगळे पाड्यावरचे हंडे एकदम उतरतात. शहापूर तालुक्यात उन्हाळ्यातल्या या टँकरच्या बातम्या मी दरवर्षी वाचते, एप्रिलमध्ये, ज्या पानावर जुलैत तलावांचा तक्ता असतो साधारण त्याच पानावर. तानसा, भातसा, दोन्ही याच तालुक्याच्या अंगाखांद्यावर. एकट्या भातशातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो. हे वाचलेलं होतं. पण हातात काचेचा ग्लास घेऊन ऐकताना ते बातमीसारखं वाटत नाही. मी "अरेरे" किंवा तसलंच काहीतरी म्हणाले असेन.

बाबा मात्र स्टुलावर पुढे सरकले आणि त्यांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. टँकर किती वाजता येतो? रोज, की दिवसाआड? विहिरीत ओततो तर वरच्या आणि खालच्या आळीला सारखं मिळतं का? शेवटचं घर कोणाचं? तिथली बाई विहिरीवर पोचेपर्यंत पाणी असतं का?

असं विचारणारं तिला बहुधा कोणी भेटलं नव्हतं. ती कणसं परतायची थांबली. शेवटचं घर तिच्या नणंदेचं, ती म्हणाली. "तिला तळाचंच मिळतं, बाबा. चिखलाचं."

"मग ओतणाऱ्याने थोडं राखून..." बाबा म्हणाले आणि गप्प झाले. टँकर म्हणजे वॉल नव्हे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

निघताना तिने कॅन रिकामा दिला नाही. कळशीतल्या पाण्याने काठोकाठ भरून परत दिला. रिकामं भांडं परत करत नाहीत. आईने ते गढूळ पाणी पायाशी ठेवून पुढचे दोन दिवस प्रवास केला, पण ओतलं नाही. बाबांनी तेवढ्यात टपरीवाल्या बाईच्या मुलाचा मोबाइल नंबर डायरीत लिहून घेतला होता.

कसारा घाटाबद्दल मी फार लिहिणार नाही. तो सगळ्यांनी पाहिलाय, आणि मी तो पाहिलाच नाही, कारण माझी नजर पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकावर होती. लहानपणी हाच घाट रेल्वेने चढायचो तो जास्त आठवतो. कसाऱ्याला गाडी थांबायची, मागून बँकर इंजिन लागायचं, त्याचा धक्का बसला की आई हातातला चहा सांभाळायची. ३७ फुटांना एक फूट असा तिथला चढ आहे, १८६५ पासून गाड्या अशाच ढकलत वर नेतात. वर घाटनदेवीला गाडी लावून नारळ फोडला. वारा इतका, की आईचा पदर नवऱ्याच्या तोंडावर.

घोटीहून आम्ही आधी त्र्यंबकच्या रस्त्याने अप्पर वैतरणेकडे गेलो. आणि इथे, खरं सांगते, मी गाडी बंद करून उतरले आणि माझंच तोंड बंद झालं. तानसा झाडांआडून डोकावतो, हा पसरतो. उघडं पठार, सोनकीने पिवळं झालेलं, आणि पाणी त्या पिवळ्याच्या फटीफटीतून शिरलेलं, मध्येच बेटं, बेटांवर गाई. त्या गाई तिथे कशा पोचल्या हे कोड्यात टाकणारं होतं. मागे त्र्यंबकच्या डोंगराची रांग. त्या रांगेत ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि पूर्वेला, पार बंगालच्या उपसागराकडे चालू लागते. वैतरणाही त्याच डोंगरांतून निघते, पण पश्चिमेला तोंड करून. सख्ख्या शेजारणी, एकीला आंध्रात दिलं आणि दुसरीला मुंबईत. मुंबईत दिलेलीला वाटेत तीन धरणं लागतात. वर हे, मध्ये मध्य वैतरणा, खाली मोडकसागर, पालिकेचे अभियंते मोडक यांचं नाव दिलेला, १९५७ चा. एवढं होऊन जी उरते ती समुद्राला.

"६०३," बाबा म्हणाले. आकडा पाठ असलेल्या माणसाने आकड्याच्या काठावर उभं राहणं म्हणजे काय, हे मला तिथे जरासं कळलं. त्यांनी खाली बसून पाण्यात हात घातला. मग विचारलं, "इथून आपल्या नळापर्यंत किती दिवस लागत असतील?" कोणालाच उत्तर येत नव्हतं. लेकीने फोन काढला, रेंज नव्हती.

भंडारदऱ्याला पोचेपर्यंत कळसूबाई ढगात गेली होती. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, बारी गावावरून जाताना दिसलं ते फक्त कमरेपर्यंत. शेंडी गावात घरगुती खोल्या घेतल्या होत्या. रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. आईने कॅनला हात लावला नाही आणि यजमानीणबाईंच्या माठातलं पाणी दोन तांबे प्याली. याची नोंद मी इथे जाणीवपूर्वक करते आहे, पुण्याच्या मावशीसाठी.

दुसऱ्या दिवशी तलावाला वळसा घालणारा रस्ता धरला. १९२६ मध्ये पुरं झालेलं विल्सन धरण, मागे आर्थर तलाव, प्रवरेचं पाणी. ते नगर जिल्ह्यातल्या उसाला जातं. आमच्याशी त्याचा संबंध नाही. बाबांना त्यामुळे या तलावात फारसा रस नव्हता. "छान आहे," एवढंच. परक्याच्या मुलाचं कौतुक करावं तसं. रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव देऊळ पाहिलं, आईने पुष्करणीत पाय धुतले, मुलीने चाळीस फोटो काढले.

मग घाटघरचा कोकणकडा. रस्ता संपतो आणि पुढे काहीच नसतं. ढग खालून वर येत होते, कड्यावर आपटून आमच्या डोक्यावरून मागे जात होते. मध्येच फट पडायची आणि खाली, पार खाली, हिरवी भातखाचरं दिसायची, चकचकीत, टाचणीच्या डोक्याएवढी घरं. तिथे उभ्या असलेल्या एका स्थानिक मुलाने सांगितलं, खाली शहापूर तालुका. आदल्या दिवशी सकाळी आम्ही त्याच जमिनीवर चहा प्यायलो होतो.

त्याच मुलाने घाटघरच्या वीज प्रकल्पाचंही सांगितलं. वर एक तलाव, खाली कोकणात चोंढ्याला दुसरा. विजेची ओढ असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात, आणि रात्री विजेला गिऱ्हाईक नसतं तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवतात.

"परत वर?" बाबांनी दोनदा विचारलं.

"हो ना बाबा. रोज."

बाबा बराच वेळ खाली बघत राहिले. "एवढा कडा चढवतात," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी मनात केलं. मला वाटतं ते मला ऐकू आलं, पण मी ते इथे लिहित नाही, कारण ते माझंच असण्याचीही शक्यता आहे.

उतरताना नवऱ्याने गाडी घेतली आणि आम्ही बोगद्यातून परतलो. मला मान्य करायला हवं, फार सुखाचा रस्ता आहे. सगळे झोपले.

कॅनमधलं पाणी आईने घरी आल्यावर जास्वंदीला घातलं, सगळं नाही. बाबांनी आधीच एका बाटलीत थोडं काढून ठेवलं होतं. ती बाटली कपाटात त्या धुक्याच्या फोटोशेजारी आहे, तळाला बोटभर माती बसलीय, वरचं पाणी एकदम नितळ.

या एप्रिलमध्ये एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते गॅलरीत फोन कानाला लावून मोठ्याने बोलत होते. पलीकडचं ऐकू येत नसलं की ते आवाज चढवतात. "किती वाजता? अकरा चाळीस? काल आला होता का? आणि आत्याच्या घराला... हॅलो? हॅलो?" मग फोनकडे बघत राहिले. रेंज गेली होती.

डायरी टेबलावर उघडी होती. निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी त्यांनी ती पुन्हा लिहायला घेतली आहे हे मला ठाऊक नव्हतं. मार्चच्या मधल्या आठवड्यापासून, एकाखाली एक, त्याच बारीक अक्षरात. रोजची नाही, फोन लागतो त्या दिवसांची. मी बघत असतानाच त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या दिवसाची ओळ पुरी केली:

"टँकर – ११.४०. शेवटचं घर –"

आणि पुढे रेघ.